लष्कर नसलेला देश आठ-दहा वर्षांच्या मुलांना कसा सांगावा? कोस्टा रिकासाठी मदत हवी

गोष्टीवेल्हाळ:

नमस्कार मंडळी,

दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे बारा मुलं जमतात, आठ ते अकरा वर्षांची. एक देश घेऊन आम्ही दोन महिने बसतो. गोष्टी, नकाशा, हातांनी करायचं काहीतरी, जमलं तर एखादा पदार्थ. यावेळी चिठ्ठ्या टाकल्या त्यात मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका निघाला. ओळख म्हणून मी एवढंच म्हटलं की या देशाला लष्कर नाही. त्यावर नऊ वर्षांची एक मुलगी पटकन म्हणाली, "मग कुणी चालून आलं तर?"

नीट वाचून सांगते, असं तिला म्हटलं आहे. थातुरमातुर उत्तर देऊन तिची बोळवण करायची नाहीये.

आतापर्यंत जमवलेलं असं आहे: राजधानी सान होसे, क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, एका अंगाला पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, भाषा स्पॅनिश, चलन कोलोन. फळ्यावर लिहून पाहिलं तर मलाच कोरडं वाटलं. मग चित्रं काढली. स्लॉथ, टूकान, लाल डोळ्यांचा बेडूक, धबधबा, समुद्रकिनारा. वीस चित्रं झाली आणि त्यांत एकही माणूस नव्हता. सहलीची जाहिरात करतोय असं वाटायला लागलं.

कुणी तिथे राहिलं असेल, शिकवलं असेल, तर कृपया सांगा. सुरुवात कुठून करू? प्राणी दाखवायचेच आहेत, पण माणसांना बाजूला सारून नाही. शिवाय वसाहतीचा, मजुरांचा इतिहास या वयाला कितपत सांगावा? आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर काय?

पाऊसवाट:

ताई, मी चार वर्षं एरेदियात राहिले. सान होसेच्या शेजारचं, डोंगरउतारावरचं, कॉफीच्या मळ्यांनी वेढलेलं शहर. माझी मुलगी तिथल्या शाळेत दुसरीत बसली आणि पाचवी करून निघाली. तिच्या दप्तरातून येईल तेवढा देश मला कळत गेला, म्हणून त्याच वाटेने सांगते.

फळ्यावरची माहिती शेवटच्या शनिवारी द्या. सुरुवात पत्त्याने करा.

आमचा पत्ता असा होता: चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, हिरव्या फाटकाचं घर. तिथे पत्ते असेच सांगतात. शंभर मीटर म्हणजे एक चौक, मग प्रत्यक्षात तो ऐंशी मीटरचा असो की सव्वाशेचा. खुणेची जागा आज अस्तित्वात असलीच पाहिजे असंही नाही. सान पेद्रो भागात हिगेरोनचं एक मोठं झाड होतं, आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. झाड गेलं, तरी लोक 'जुन्या हिगेरोनपासून शंभर मीटर दक्षिणेला' असंच सांगत राहिले. नव्या माणसाने नसलेलं झाड शोधायचं कसं? थांबून कुणाला तरी विचारायचं. पहिले तीन महिने मी रोज कुणाला ना कुणाला विचारत होते, आणि त्यातूनच माझं मोडकंतोडकं स्पॅनिश उभं राहिलं. मुलांना आपापल्या घराचा पत्ता रस्त्याचं नाव न वापरता लिहायला सांगा, आणि दुसऱ्याने त्यावरून नकाशा काढायचा. दिशा, अंतर, शेजार, सगळं त्यात येतं.

दुसरी गोष्ट, बोलण्याची. स्पॅनिशमध्ये 'तुम्ही'ला 'उस्तेद' म्हणतात. मी भाषा शिकले त्या पुस्तकात लिहिलं होतं की हा शब्द मोठ्यांसाठी, अनोळखी माणसांसाठी. एरेदियात पाहते तर शेजारची बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला 'उस्तेद' म्हणतेय. कुत्र्यालाही 'उस्तेद'. "तुम्ही जेवलात का? मग बसा तिथे." मराठी मुलांना यातली गंमत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा जास्त कळेल, कारण त्यांच्या तोंडात तू, तुम्ही, आपण तिन्ही आहेत. एक शनिवारभर एकमेकांना 'तुम्ही' म्हणायला लावा. आणि हे लोक स्वतःला 'तिको' का म्हणवतात तेही सांगा. प्रत्येक गोष्ट लहान करून, लाडाने बोलायची त्यांना सवय. लहान म्हणजे 'चिको', त्याहून लहान 'चिकितो', आणि अगदी इवलुसं ते 'चिकितिको'. त्या शेवटच्या 'तिको'वरून त्यांचं नाव पडलं.

आता कंदील. माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा शनिवार हाच असावा.

मध्य अमेरिकेतल्या स्पॅनिश प्रांतांचं स्वातंत्र्य १५ सप्टेंबर १८२१ला ग्वाटेमालात जाहीर झालं. कोस्टा रिका हा त्यांतला दक्षिणेच्या टोकाचा, लांबचा आणि गरीब प्रांत. बातमी कार्तागोला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, पोचली १३ ऑक्टोबरला. जवळजवळ चार आठवडे बातमी वाटेतच होती. जंगल, नद्या, चिखल, आणि पावसाचे दिवस. मुलांना विचारा, या चार आठवड्यांत कार्तागोतला एखादा मुलगा रोज काय करत असेल? मग कार्तागोकरांनी बसून स्वतःचं स्वातंत्र्यपत्र केलं, ते २९ ऑक्टोबरला.

तो प्रवास आजही दर सप्टेंबरात होतो. ग्वाटेमालातून निघालेली मशाल शाळेतली मुलं हातोहात पळवत देशामागून देश ओलांडतात, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी ती कार्तागोला येते. बरोबर सहा वाजता देशभर राष्ट्रगीत सुरू होतं. दुकानातला माणूस पैसे मोजायचा थांबतो. आणि मग मुलं आपापले कंदील घेऊन रस्त्यावर येतात. त्यांना 'फारोल' म्हणतात. घरी केलेले, पुठ्ठ्याचे, रंगीत कागदाचे. घराच्या आकाराचे, चर्चच्या, बैलगाडीच्या.

पहिल्या वर्षी मी आणि मुलीने तीन रात्री बसून एक चांदणी केली. सप्टेंबर म्हणजे तिथे ऐन पावसाळा, दुपारनंतर कोसळतोच, हे मला ठाऊक असूनही मी वर काहीच झाकण केलं नव्हतं. शाळेच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर कागदाचा लगदा झाला. मुलगी हमसाहमशी रडायला लागली. शेजारच्या आजी मागून येत होत्या. त्यांनी पिशवीतून भाकरीसारख्या तोर्तियांचं प्लास्टिक काढलं, तोर्तिया रुमालात बांधल्या, आणि ते प्लास्टिक आमच्या चांदणीच्या उरल्यासुरल्या सांगाड्यावर चढवलं. आत दिवा लावला. तो फारोल घेऊन ती सगळा रस्ता चालली. नंतरच्या तीनही वर्षांत तिने सुंदर कंदील केले, पण आम्ही जपून आणलाय तो हाच.

दुसऱ्या वर्षी तिने बैलगाडी केली, म्हणून तिच्याबद्दलही लिहिते. सार्ची गावच्या रंगीत बैलगाड्या, 'कार्रेता', तुम्हाला चित्रांत दिसल्या असतीलच. मुलांना आधी चाक दाखवा. त्याला आरे नसतात, सबंध भरीव फळ्यांची तबकडी असते. कारण विचारा. कुणीतरी बरोबर सांगेल: आऱ्यांमध्ये चिखल अडकतो. मधल्या खोऱ्यातली कॉफी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पुंतारेनास बंदरात न्यायला दहा-पंधरा दिवस लागायचे, तेही डोंगर उतरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाकं रंगवायला लागले, आणि प्रत्येक भागाची नक्षी वेगळी, त्यामुळे गाडीवाला कुठला ते चाकावरून कळे. चालताना चाकाच्या तुंब्यापाशी लोखंडी कडं आपटून नाद होई, आणि प्रत्येक गाडीचा नाद निराळा असे. युनेस्कोने २००५ साली या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. पुठ्ठ्याची तबकडी, कंपास आणि रंग एवढ्यात तास कसा जातो कळणार नाही.

पक्ष्यांचं एक सांगून थांबते. टूकान, केत्झाल, लाल मकाव, हमिंगबर्ड आणि शेवटी एक साधा मातकट तपकिरी पक्षी, अशी चित्रं लावा आणि राष्ट्रीय पक्षी कोणता असेल यावर मतदान घ्या. तपकिरी पक्ष्याला कुणी मत देणार नाही. पण १९७७ साली देशाने निवडला तो हाच, यिग्विर्रो. अंगणात राहतो, माणसांजवळ, आणि पावसाळ्याच्या तोंडावर गाऊ लागतो. शेतकरी म्हणतात, तो पावसाला बोलावतो. आपल्या 'पेर्ते व्हा' म्हणणाऱ्या पावशाची आठवण मुलांना तुम्ही करून द्यालच. एप्रिलच्या पहाटे चार वाजता खिडकीशी तो सुरू झाला की माझी झोप मोडायची, आणि तरी मी पडून ऐकत राहायचे.

रानभूल:

पाऊसवाट यांनी माणसांचं इतकं छान लिहिलंय की मी फक्त जंगलाचं लिहितो. पण ताई, तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नाशी जंगलाचा थेट संबंध आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

अमेरिकेतल्या अलाबामात काही क्वेकर कुटुंबं होती. युद्धात भाग घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही. सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून त्यांच्यातले काही तरुण तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांनी राहायला देश शोधला, आणि लष्कर नुकतंच बंद केलेला कोस्टा रिका निवडला. १९५१ साली ते डोंगरावर येऊन वसले. त्या जागेला नाव दिलं मोन्तेवेर्दे, हिरवा डोंगर. गाई पाळल्या, चीज करायला लागले. आणि पाण्याचे झरे आटू नयेत म्हणून डोंगरमाथ्यावरचं रान तोडायचं नाही असं ठरवलं. आज जगभरातून लोक ज्या ढगांच्या जंगलात फिरायला येतात, त्याची राखण अशी सुरू झाली.

त्याच डोंगरावर मुलांचं स्वतःचं जंगल आहे. नाव 'बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस', मुलांचं कायमचं जंगल. १९८७ साली स्वीडनमधल्या एका लहानशा खेड्यातल्या शाळेत वर्षावनं कशी तोडली जातायत ते चाललं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, आपण काय करू शकतो? मुलांनी कार्यक्रम केले, वस्तू विकल्या, पैसे जमवले, आणि मोन्तेवेर्देजवळची जमीन विकत घेऊन राखायला पाठवले. ते पाहून चाळीसहून जास्त देशांतल्या मुलांनी हेच केलं. आज ते सुमारे २३,००० हेक्टर आहे, देशातलं सगळ्यात मोठं खाजगी राखीव जंगल. तुमची मुलं याच वयाची आहेत. ही गोष्ट सांगताना मी दरवेळी थांबतो, कारण मुलं लगेच हिशोब करायला लागतात आणि तो करू द्यायला हवा.

सगळंच गोड सांगू नका मात्र. मोन्तेवेर्देच्या वर एक सोनेरी बेडूक होता, म्हणजे नर सोनेरी-नारिंगी, जणू आत दिवा लावलाय. वर्षातले थोडेच दिवस तो पावसाच्या डबक्यांपाशी वर यायचा. १९८७ साली दीड हजारांच्या आसपास दिसले. १९८९ साली एकच. त्यानंतर कुणालाच नाही. जगात तो फक्त तिथेच होता. कोरडी गेलेली वर्षं आणि बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग ही त्यामागची कारणं मानली जातात. राखलेल्या जंगलातही हे घडलं, कुणी झाड न तोडता. मोठ्या मुलांना हे झेपतं.

आणि परत वाढलेल्या जंगलाचंही सांगा. १९४०च्या सुमारास देशाचा तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. गाईंच्या कुरणांसाठी तोडत तोडत १९८०च्या दशकात जेमतेम चौथा हिस्सा उरला. आज तो पुन्हा निम्म्याहून अधिक आहे. १९९७पासून जमीनमालकाला उभं झाड राखण्याचे पैसे मिळतात, आणि ते बऱ्याच अंशी इंधनावरच्या करातून येतात. गाडीत पेट्रोल भरणाऱ्याचा थोडा पैसा झाड न तोडणाऱ्याकडे जातो, असं सांगितलं की दहा वर्षांच्या मुलाला कळतं.

स्लॉथ दाखवायचाच असेल तर झाडावरून उतरताना दाखवा. तो शी करायला साधारण आठवड्यातून एकदा खाली येतो, आणि मुलांना हे ऐकल्यावर दुसरं काही ऐकायचं नसतं. त्याच्या केसांत शेवाळ वाढतं म्हणून तो हिरवट दिसतो. २०२१ साली तो राष्ट्रीय प्रतीक झाला. रस्त्यांवरून झाडांत जायला त्याच्यासाठी आणि माकडांसाठी दोरांचे पूल बांधलेत, नाहीतर ते विजेच्या तारा धरतात आणि मरतात. सुतळीचा असा पूल दोन खुर्च्यांमध्ये बांधता येईल.

गोष्टीवेल्हाळ:

तुम्हा दोघांचंही वाचून मी वही नवीन केली. चांदणीचं वाचताना डोळे भरून आले, खरंच.

कंदील, चाक, पक्ष्यांचं मतदान हे पक्कं. क्वेकरांची गोष्ट त्या मुलीसाठीच ठेवते. आता इतिहासातला जड भाग राहिला. स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे कोण होतं, त्यांचं काय झालं, हे टाळून पुढे गेलं तर मुलांना वाटेल देश १८२१मध्येच सुरू झाला.

खडूफळा:

मी चौथी-पाचवीला इतिहास शिकवते. माझा अनुभव असा, की या वयाच्या मुलांना अन्याय फार लवकर कळतो. आकडे आणि क्रूर तपशील नकोत, पण अन्याय लपवायचीही गरज नाही.

सुरुवात दगडापासून करा. देशाच्या दक्षिणेला, दिकीस खोऱ्यात, दगडाचे गोल गोळे आहेत. तीनशेहून जास्त सापडलेत. काही लिंबाएवढे, तर काही दोन मीटरहून मोठे आणि कित्येक टन वजनाचे, आणि गोलाई अशी की हात फिरवावा. साधारण इ. स. ५०० ते १५०० या काळात तिथल्या लोकांनी लोखंडाचं हत्यार नसताना दगडावर दगड आपटून आणि घासून ते घडवले. मुलांना चिकणमाती द्या आणि तंतोतंत गोल चेंडू करायला सांगा. मऊ मातीचाही होत नाही. मग दगडाचा कसा केला असेल, यावर त्यांनाच बोलू द्या.

पुढची गोष्ट दुःखाची. १९३०च्या दशकात केळीच्या बागांसाठी रान साफ करताना हे गोळे उघडे पडले. आत सोनं असेल म्हणून काही सुरुंग लावून फोडले. कितीतरी गोळे उचलून बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या हिरवळीवर शोभेला नेले. ते मुळात कुठे आणि कुठल्या ओळीत मांडले होते यात काहीतरी अर्थ असणार, तो त्यामुळे हरवला. उरलेल्या जागा २०१४पासून जागतिक वारसा आहेत. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला होता, "म्हणजे पुस्तकाची पानं सुटी करून वाटली." मी त्याहून चांगलं सांगू शकले नसते.

आणि ते लोक संपले असं कृपया सांगू नका. तालामांकाच्या डोंगरात ब्रिब्री लोक आज राहतात. त्यांच्यात कूळ आईकडून येतं. कोको त्यांना पवित्र, त्याची फांदी सरपणाला घालत नाहीत, आणि विधीसाठीचं कोकोचं पेय बायकाच करतात. त्यांच्या भाषेत माणसं मोजायचे आकडे वेगळे, गोल वस्तूंचे वेगळे, लांबट वस्तूंचे वेगळे. आपण 'तीन आंबे' म्हणतो पण 'तिघी बहिणी' म्हणतो ना, तेच त्यांनी किती पुढे नेलंय बघा. दोघे-तिघे-चौघे पाठ असलेल्या मुलांना हे लगेच पटतं.

तिसरी गोष्ट लिमोनची, कॅरिबियन किनाऱ्याची. कॉफी अटलांटिकच्या बाजूने युरोपला पाठवायला रेल्वे हवी होती. काम १८७१ला सुरू झालं, १८९०ला संपलं. दलदल, ताप, कोसळणारे डोंगर. रूळ टाकायला जमैकातून काळे मजूर आले, चीन आणि इटलीतूनही आले, आणि पुष्कळ तिथेच मेले. रुळांच्या कडेने केळी लावली आणि केळी हाच मोठा धंदा झाला. जे राहिले त्यांची मुलं त्याच मातीत जन्मली, वाढली, पण त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नव्हतं. १९३४ साली तर पॅसिफिक बाजूच्या नव्या केळीबागांत काळ्या माणसांना कामाला ठेवायचं नाही असं कायद्यात लिहिलं गेलं. ही दारं उघडली १९४९च्या सुमारास. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने बायकांनाही मताचा हक्क दिला. आता ३१ ऑगस्टला, काळ्या लोकांच्या संस्कृतीच्या दिवशी, लिमोनमध्ये मोठी मिरवणूक निघते आणि देशभरच्या शाळांत हा दिवस पाळतात. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात ही त्याच घरांची देणगी. बाकी देशातला 'गाल्यो पिंतो' वेगळा, रात्रीचा भात आणि काळ्या घेवड्याचे दाणे सकाळी एकत्र परतून केलेला. नावाचा अर्थ ठिपकेदार कोंबडा. दोन्ही करून चव घ्यायला लावली तर दोन किनारे जिभेवर लक्षात राहतील.

पाऊसवाट:

खडूफळाताई, सुट्या पानांचं वाक्य मी मुलीला वाचून दाखवलं. ती तिथल्या शाळेतून सहलीला गेली तेव्हा त्या गोळ्यांना हात लावून आली होती.

आता त्या प्रश्नाबद्दल. सान होसेत राष्ट्रीय संग्रहालय आहे, पिवळ्या भिंतींचं आणि बुरुजांचं. पूर्वी ते बेयाव्हिस्ता नावाचं लष्करी ठाणं होतं. बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. १९४८च्या मार्च-एप्रिलमध्ये निवडणुकीच्या निकालावरून यादवी झाली, ४४ दिवस चालली, दोनेक हजार माणसं मेली. छोट्या देशात म्हणजे घराघरातली. जिंकलेल्या बाजूचे नेते होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबर १९४८ला त्या ठाण्यात जाऊन भिंतीवर घण घातला, लष्कर बंद झाल्याचं जाहीर केलं, आणि किल्ल्या शिक्षण खात्याकडे दिल्या. पुढच्या वर्षी राज्यघटनेच्या बाराव्या कलमात ते लिहिलं गेलं. मुलांना हे सांगताना तो माणूस स्वतः नुकतीच लढाई जिंकलेला होता, हे गाळू नका. हातात बंदूक आलेल्याने ती खाली ठेवली.

पोलीस आहेत, त्यांच्याकडे शस्त्रं आहेत, तेही सांगा. अमेरिका खंडातल्या इतर देशांशी एकमेकांच्या मदतीला धावण्याचा करार आहे. आणि इतिहासातला लाडका वीर एक सैनिकच आहे, आलाहुएलाचा ढोलवाला हुआन सान्तामारिया. विल्यम वॉकर नावाचा अमेरिकी माणूस भाडोत्री फौज घेऊन निकाराग्वा बळकावून बसला होता. त्याच्याशी ११ एप्रिल १८५६ला रिव्हासला झालेल्या लढाईत हुआनने शत्रू दडला होता त्या घराला आग लावली आणि तिथेच मेला. ११ एप्रिलला देशाला सुट्टी असते. लढाई म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या लोकांनी हा निर्णय घेतला.

आता 'कुणी चालून आलं तर?' तसं काहीसं झालंच. २०१० साली सान हुआन नदीच्या मुखाशी, सीमेवरच्या एका दलदलीच्या तुकड्यात निकाराग्वाचे सैनिक येऊन राहिले, झाडं तोडून कालवा खणायला लागले. कोस्टा रिका हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पाच वर्षं लागली. डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयाने सांगितलं, जमीन कोस्टा रिकाची. आणि २०१८मध्ये नुकसानभरपाई ठरवली, त्यात तोडलेल्या झाडांमुळे आणि बिघडलेल्या पाणथळीमुळे झालेलं नुकसानही धरलं. निसर्गाच्या हानीची भरपाई या न्यायालयाने ठरवली ती पहिल्यांदाच.

दर वेळी असंच होईल असं वचन तिला देऊ नका. झालं ते असं, एवढंच सांगा. माझ्या मुलीने मला हाच प्रश्न त्या संग्रहालयाच्या अंगणात, फुलपाखरांच्या जाळीघरासमोर उभं राहून विचारला होता. मला तेव्हा हे सगळं माहीत नव्हतं.

गोष्टीवेल्हाळ:

काल शनिवार होता. न्यायालयाची गोष्ट सांगितली. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "पाच वर्षं ते सैनिक तिथेच राहिले?" मी म्हटलं, नाही, न्यायालयाने पहिल्या काही महिन्यांतच दोघांनाही तिथे माणसं ठेवू नका असं सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, "मग ठीक." तिच्या वहीत तिने नदी, झाडं आणि एक मोठं टेबल काढलंय.

कंदिलांची संध्याकाळ पुढच्या शनिवारी. वरून प्लास्टिक लावणार आहोत, पाऊस असो-नसो. चालून आल्यावर मुलांना तिथलं काहीतरी गरम प्यायला द्यावं म्हणते. कॉफी तर देता येणार नाही.

पाऊसवाट:

'आग्वा दुल्से' करा. शब्दशः गोड पाणी. उसाचा रस आटवून ढेप करतात, तिला 'तापा दे दुल्से' म्हणतात. हा आपला गूळच. बैलांनी फिरवायचा घाणा असलेलं त्यांचं गुऱ्हाळ, 'त्रापिचे', मी पाहिलंय, वास अगदी ओळखीचा. उकळत्या पाण्यात गूळ चिरून विरघळवायचा, गाळायचा, हवं तर थोडं दूध. गूळ आंबूस असला तर दूध फाटतं, म्हणून ते शेवटी आणि आच बंद करून घाला. तिथे मुलं हे पितात आणि सोबत तोर्तिया बुडवून खातात.

बारा जणांना दीड लिटर पुरेल. पेल्यांना फडकी गुंडाळून द्या, एका हातात कंदील असेल.